नाव नसलेल्या गिऱ्हाइकाची मापं

१

मंगळवारी सकाळी गाडीत बसताना अराक्सीचा उजवा गुडघा स्टिअरिंगखाली आपटला.

तशी ती धांदरट बाई नव्हती. तिची सकाळ ठरलेली होती. पावणेसातला तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी, लवाशच्या पातळ रोटीत गुंडाळलेलं चीज, गळ्यात मापाची टेप. मग स्वयंपाकघरातलं मागचं दार उघडून दोन पायऱ्या उतरायच्या की गॅरेज. ग्लेनोक्स रस्त्यावरच्या तिच्या अल्टरेशनच्या दुकानापर्यंत अकरा मिनिटं. गाडीत आधी पाठ टेकायची, मग पाय आत घ्यायचे, हेही ठरलेलं. त्या दिवशी पाय आत आलेच नाहीत.

सीट पुढे आली होती. थोडीथोडकी नाही, स्टिअरिंगला भिडेल इतकी. पाठ मात्र मागे कललेली. आणि मधला आरसा खाली वळला होता. त्यात मागची काच दिसत नव्हती, मागची सीट दिसत होती. रिकामी, नवीकोरी, मलईच्या रंगाच्या कातड्याची.

दारावर सीटची बैठक लक्षात ठेवणारी तीन बटणं होती. एक नंबरवर तिच्या नवऱ्याची, ओन्निकची बैठक साठवलेली होती, दोनवर तिची. तीनवर कुणाचीच नाही. आयुष्यभर टेकू लावलेल्या जुन्या गाड्या चालवून झाल्यावर ओन्निकनं ही गाडी घेतली आणि अकराच दिवस चालवली. बाराव्या दिवशी सकाळी तो उठला नाही. त्याला आता सहा महिने होत आले होते.

अराक्सीनं दोन नंबर दाबला. सीट घुर्रर्र करत मागे सरकली, आरसा वर आला. ती दुकानात गेली, दोन लग्नाचे झगे आवळले, चार पँटींच्या मोहऱ्या दुमडल्या आणि गुडघ्याबद्दल विसरून गेली.

बुधवारी तोच गुडघा तिथंच आपटला.

२

शोरूममध्ये गाड्या दुरुस्तीला घेणारा व्रेज हा त्यांच्याच आर्मेनियन चर्चमधला. त्याच्या बायकोच्या साखरपुड्याचा ड्रेस अराक्सीनं शिवला होता. तो काउंटर सोडून बाहेर आला आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "मावशी, एवढंसं काम! फोन करायचा होतात."

"कागद नको करायला?"

"आपल्या माणसांत कागद कसला? कागद केला की सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढतं, मग चार प्रश्न. मी स्वतः बघतो. तुम्ही बसा. पण कॉफी घेऊ नका इथली, पाय धुतलेलं पाणी असतं."

तासाभरानं गाडी आली ती धुऊन-पुसून. व्रेज म्हणाला, काही नाही, सगळं उत्तम आहे, दोष नावालासुद्धा नाही.

दहा दिवसांनी ती पुन्हा गेली. पुन्हा हात हातात, पुन्हा गाडी धुऊन. या खेपेला त्यानं मागच्या सीटवर जर्दाळूंची पिशवीही ठेवली होती, सासऱ्याच्या झाडाचे म्हणून. "मावशी जान, तुमच्यासाठी काय पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा त्या जर्दाळूंकडे बघत होता.

३

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस तिनं दोन नंबर दाबला नाही. दाराशी उभी राहिली, गळ्यातली टेप काढली आणि वाकून माप घेतलं.

हे तिला फार आधी सुचायला हवं होतं. एकतीस वर्षं ती माणसांच्या रिकाम्या कपड्यांवरून माणसं ओळखत आली होती. एक खांदा उतरता असलेला बँकेतला माणूस, पोट लपवणारी नवरी. रिकामी सीट म्हणजे तरी काय, कुणाच्या तरी बेताचा कपडाच की.

सीटच्या काठापासून ब्रेकपर्यंत चौदा इंच. तिचं स्वतःचं तेच माप साडेवीस. म्हणजे पाय आखूड, आठ-नऊ वर्षांच्या मुलीइतके. मग पाठीच्या उशीपासून स्टिअरिंगपर्यंत टेप धरली. सत्तावीस. तिचं चोवीस.

तिनं टेप पुन्हा धरली. सत्तावीसच.

मुलीचे पाय आणि तिच्याहून तीन इंच लांब हात. अराक्सीनं असं गिऱ्हाईक कधी पाहिलं नव्हतं. तिनं अल्टरेशनची गुलाबी चिठ्ठी काढली, तारीख घातली, मापं लिहिली. वरचा नावाचा रकाना कोरा राहिला. मग ती सीटवर न बसता थोडा वेळ तशीच उभी राहिली. गॅरेजमध्ये वॉटर हीटरचा बारीक आवाज येत होता. आपण या मापांत बसून बघावं, असं एक क्षण तिच्या मनात आलं. तिनं बसून बघितलं नाही.

४

तिचा मुलगा हाइग दर रविवारी जेवायला यायचा. फरशा बसवायचा धंदा होता त्याचा. ओन्निकची जुनी व्हॅन आता तोच वापरायचा. जुलैतल्या एका रविवारी तिनं त्याच्यापुढे सहा गुलाबी चिठ्ठ्या मांडल्या.

त्यानं त्या वाचल्या, मग पुन्हा वाचल्या आणि ताटाच्या बाजूला अगदी नीट ठेवल्या. तो असा नीटनेटका वागला की तिला काळजी वाटायची.

"आई, रागावू नकोस. तूच दाबत असशील बटण."

"मी दोन नंबर दाबते."

"एखाद वेळी तीन."

"तीनवर काही साठवलेलंच नाही."

"असं तुला वाटतं." तो थांबला. "बाबा गेल्यापासून तू एकटी आहेस. तुला कुठंतरी असं तर वाटत नाही ना, की ते..."

"हाइग, तुझ्या बाबांचे पाय तेवीस इंच. त्यांच्या सगळ्या पँटी मी शिवल्यात." तिनं चमचा खाली ठेवला. "ते असते, तर मी तक्रार केली असती का?"

हाइगनं ताटातला पिलाफ उगाच चिवडला.

"तू हायवेवर गेलेलं मला नकोय," तो शेवटी म्हणाला. "गाडीत दोष असेल तर सिद्ध होईल. नाही झालं, तर किल्ली माझ्याकडे. आपण डॉक्टरांकडे जाऊ, लायसन्सचं ते सांगतील तसं करू. कबूल?"

दुकान अकरा मिनिटांवर. चर्च, बाजार, दफनभूमी, सगळं गाडीच्याच अंतरावर. किल्ली दिली की ती या घरात बसणार. सकाळी कॉफी करून कुठेही जाणार नाही. आणि सगळे प्रेमानं सांगणार की बिचारीनं नवऱ्याच्या मृत्यूचा फार धसका घेतला.

"कबूल," ती म्हणाली. "पण सिद्ध झालं, तर तू माझी माफी मागायची. जेवायच्या आधी."

निघताना तो गाडीची दुसरी किल्ली ड्रॉवरमधून घेऊन गेला. आईच त्या किल्लीनं काही करत नाही ना, हे त्याला पाहायचं असावं. तिलाही तेच पाहायचं होतं, म्हणून तिनं त्याला अडवलं नाही.

५

डॅशबोर्डच्या कप्प्यातली वॉरंटीची पुस्तिका तिनं दोन संध्याकाळी बसून वाचली. कापडाच्या ताग्याबरोबर येणारा कागदही ती पुरता वाचत असे. नवी गाडी पुन्हा पुन्हा बिघडत राहिली आणि ठरावीक खेपांत दुरुस्त झाली नाही, तर कंपनीनं ती परत घ्यायची, असा तो कायदा. कॅलिफोर्नियात सगळे त्याला लिंबू-कायदा म्हणतात; सदोष गाडीला तिथं लिंबू म्हणतात म्हणून. खेपा मोजायच्या त्या जॉबकार्डावरून, म्हणजे शोरूमच्या दुरुस्तीच्या कागदावरून.

जॉबकार्ड तिच्याकडे एकही नव्हतं. होती ती जर्दाळूंची रिकामी पिशवी.

"दोनदा आणली होती मी गाडी," काउंटरवर दोन्ही हात ठेवून ती व्रेजला म्हणाली.

"आणली होतीत ना! मला चांगलं आठवतंय."

"कायद्याला आठवत नाही, व्रेज."

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, लिंबू-कायदा काढताय माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही. कंपनीवर. जॉबकार्ड घे आणि मी सांगते ते लिही. 'ग्राहकाचं म्हणणं' असा रकाना आहे ना? त्यात. 'रोज सकाळी ड्रायव्हरची सीट आणि आरसा दुसऱ्या कुणाच्या तरी मापाला लागलेले असतात.'"

"मी 'सीट आपोआप हलते' असं लिहितो."

"मी आपोआप म्हटलं नाही."

"अहो, वर माझा साहेब वाचतो हे! 'दुसऱ्या कुणाच्या' म्हणजे काय समजेल तो?"

"तुझ्या साहेबाची पँट मी ईस्टरला ढिली करून दिली. चिठ्ठीवर मी काय लिहिलं होतं? 'कंबर वाढली आहे.' 'कापड आपोआप आटलं' असं लिहिलं नव्हतं. जे आहे ते लिहायचं."

मागं रांगेत उभा असलेला एक माणूस मोठ्यानं हसला. व्रेजनं लिहिलं.

चार दिवसांनी गाडी परत आली. जॉबकार्डाखाली छापील अक्षरांत होतं: दोष आढळला नाही. तो कागद तिनं घडी न घालता घरी नेला. दोष आढळला नाही, हाही कायद्याच्या हिशेबी एक प्रयत्नच होता.

६

ऑगस्टमध्ये पायाचं माप सतरा झालं. हाताचं सव्वीसवर आलं.

आधी तिला वाटलं, आपली टेप ताणली गेली. तिनं नवी टेप घेतली. सतरा, सव्वीस. मग तिनं सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे कटिंगच्या टेबलावर लावल्या. पाय चौदा, पावणेपंधरा, सोळा, सतरा. हात सत्तावीस, पावणेसत्तावीस, साडेसव्वीस, सव्वीस. पाय वाढत होते आणि हात आखडत होते. वाढत्या मुलाचं माप असं जात नाही. कुठल्याच माणसाचं जात नाही. असं माप जातं ते फक्त कपड्याचं, एका अंगावरून दुसऱ्या अंगाला बेतताना.

कुणाच्या अंगाला, ते तिला टेबलावर लिहायची गरज नव्हती. साडेवीस आणि चोवीस.

त्या रात्री झोपण्यापूर्वी तिनं गॅरेजमध्ये जाऊन कच्च्या टाक्याचा दोरा गाडीच्या चारही दारांवरून फिरवला आणि गाठ मारली. घराच्या दाराला आतून वेगळा दोरा बांधला. ती झोपेत चालत असलीच, तर तो तुटणार. गाडीची दारं बांधण्याआधीच तिन्ही बटणांवर आणि स्टिअरिंगवर शिंप्याच्या खडूची पूड भुरभुरवली होती.

सकाळी दोन्ही दोरे शाबूत होते. गाठीसुद्धा तिच्याच, डावखुऱ्या. बटणांवरची पूड जशीच्या तशी. सीट पुढे आलेली.

स्टिअरिंगवर मात्र पूड दोन ठिकाणी पुसली गेली होती. डावीकडे आणि उजवीकडे, जिथं ती स्वतः हात ठेवायची तिथंच.

ती पायरीवर बसून राहिली. स्वतःची तिला भीती वाटत होती ती गेली होती. त्या जागी आता दुसरी भीती होती. पण तिला नवल वाटलं, या भीतीत पाय थरथरत नव्हते. आपण वेडी नाही, एवढं कळलं की माणूस पुष्कळ काही सोसतं. तिनं दोऱ्याचे फोटो काढले आणि कॉफी ठेवली.

७

दुसरं जॉबकार्ड ऑगस्टचं. दोष आढळला नाही. तिसरं सप्टेंबरचं. दोष आढळला नाही.

चौथं हायवेनंतरचं. ती बरबँकहून जरीचे गुंडे घेऊन येत होती. भर दुपार, चारही पट्ट्यांत गाड्या, ताशी साठ मैल. खालून आवाज आला. घुर्रर्र. शिलाई मशीनच्या पायपट्टीवर कुणी हलकेच पाय ठेवावा तसा. सीट तिच्यासकट पुढे सरकू लागली.

तिनं दोन नंबर दाबला. सीट थांबली नाही. घाईत नव्हती, अजिबात घाईत नव्हती. तिचे गुडघे स्टिअरिंगखाली दाबले गेले तेव्हा थांबली. मग आरशाची बारीक मोटर चालली आणि आरसा खाली वळला.

"नाही," अराक्सी मोठ्यानं म्हणाली, आपल्याच भाषेत, दुकानात उधारीवाल्याला म्हणते तशी. तिनं आरशात बघितलं नाही. पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून, श्वास अर्धाच घेत, तिनं एकेक पट्टी ओलांडली आणि गाडी कडेला घेतली. दार उघडून ती बाहेर अक्षरशः सांडली.

टो-ट्रकची वाट बघताना तिनं माप घेतलं. साडेअठरा.

व्रेजनं या वेळी काही न सांगता पेन उचललं. "बोला, मावशी," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडे न बघता शब्दन् शब्द लिहून घेतला. लिहून झाल्यावर त्यानं चार खेपांचे कागद तिला स्वतः ओळीनं लावून दिले आणि हळूच म्हणाला, "पहिल्या दोन वेळा मी आपलं माणूस समजून केलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जर्दाळू खाल्ले."

त्याच संध्याकाळी तिनं लवादाकडे अर्ज पाठवला.

८

सुनावणी नोव्हेंबरात, एका सरकारी इमारतीतल्या लहानशा खोलीत झाली. टेबल, पाण्याचा जग, कुरकुरणारा एसी. लवाद म्हणून रमोना एस्कोबेदो नावाच्या बाई होत्या; साठीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीतर्फे ब्रेंट हॉल्व्हरसन हा इंजिनियर विमानानं आला होता. सहा फूट चार इंच, हसरा, सभ्य. हाइग मागच्या खुर्चीवर दुसरी किल्ली खिशात घेऊन बसला होता.

ब्रेंट म्हणाला, "चार वेळा तपासणी झाली. चारही वेळा काही सापडलं नाही. गाडी चालू असताना सीट अशी हलूच शकत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही." मग आवाज मऊ करून, "मिसेस दरबिन्यान, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ही गाडी तुमच्या यजमानांची होती, हे मी वाचलंय. कधी कधी..."

"ते यात नाहीत," अराक्सी म्हणाली. "मापं बघा."

तिनं चोवीस गुलाबी चिठ्ठ्या पुढे केल्या. रमोनाबाईंनी त्या एकेक करून वाचल्या. कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथं नाव का नाही?"

"गिऱ्हाइकानं सांगितलं नाही."

ब्रेंट किंचित हसला. रमोनाबाई हसल्या नाहीत. "आजचं माप?"

"वीस. हात सव्वाचोवीस."

"आणि तुमचं?"

अराक्सीनं सांगितलं. रमोनाबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चला, गाडी चालवून बघू."

ब्रेंट ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सीट पूर्ण मागे घेऊनही त्याचे गुडघे वर येत होते. रमोनाबाई त्याच्या शेजारी. अराक्सी मागे, डाव्या बाजूला नव्हे, मधोमध. हाइग दाराशी उभा राहून त्यांना जाताना बघत राहिला.

दहा मिनिटं काही झालं नाही. गाडी इतकी छान चालत होती की अराक्सीला तिचा राग आला. ब्रेंट वळणं घेई, ब्रेक दाबून दाखवी, 'बघा' म्हणे. पंधरा मिनिटं झाली. तो परतीच्या रस्त्याला लागला. अराक्सीनं मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला. तिच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर आलं, एक कप कॉफी, आणि कुठेही न जाणारी सकाळ.

सिग्नल लाल झाला. गाडी थांबली.

घुर्रर्र.

"हा आवाज कसला?" रमोनाबाईंनी विचारलं.

सीट ब्रेंटला घेऊन पुढे निघाली होती. त्यानं बटणं दाबली, एक, दोन, तीन, मग तळहातानं सगळी एकदम. त्याचे गुडघे डॅशबोर्डला भिडले, मग दाबले गेले. "अरे, अरे, थांब," तो म्हणाला, कुत्र्याला म्हणावं तसं. सीट ठरल्या जागी येऊन थांबली. मग आरशाची मोटर चालली.

अराक्सीनं तेव्हाच हिशेब केला. आयुष्यभराची सवय ती. आरसा लागला होता तो वीस इंची पायांच्या बाईच्या डोळ्यांसाठी. मागच्या सीटवरून आरशात बघितलं तर त्या डोळ्यांची जागा दिसणार. ब्रेंटचं डोकं त्याहून कितीतरी वर, पार छताला लागलेलं. म्हणजे आरशात त्याच्या शर्टाचं कॉलरखालचं बटण दिसायला हवं. फार तर टायची गाठ.

टाय दिसला नाही.

आरशात एक कपाळ होतं आणि मिटलेल्या दोन पापण्या. आपलंच प्रतिबिंब, तिनं स्वतःला सांगितलं. भांगसुद्धा आपलाच, डावीकडचा. पण तिच्या डोळ्यांवर चष्मा होता आणि तिचे डोळे उघडे होते. त्या पापण्या झोपलेल्या माणसासारख्या मिटलेल्या नव्हत्या. कपड्याचा शेवटचा टाका घातला जाईपर्यंत गिऱ्हाईक जसं आरशासमोर डोळे मिटून उभं राहतं, 'झालं का?' विचारायच्या बेतात, तशा होत्या.

"गाडी बाजूला घ्या," रमोनाबाई म्हणाल्या. त्यांचं तोंड आरशाकडे होतं. "मिस्टर हॉल्व्हरसन. आत्ता."

ब्रेंटला बाहेर काढायला दोघींना त्याचे खांदे धरून ओढावं लागलं. तो फुटपाथवर उभा राहिला, गुडघे चोळत, एवढा मोठा माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग अराक्सीकडे. तो प्रामाणिक माणूस होता.

"दोष आढळला," तो म्हणाला.

परत ती गाडी कुणी चालवली नाही. ट्रकवर चढवून शोरूमला नेली. रमोनाबाई आणि अराक्सी रस्त्यानं चालत आल्या, जवळजवळ मैलभर. अर्ध्या वाटेवर बाईंनी विचारलं, "तुम्ही चष्मा काढला होता का मघाशी?"

"नाही."

बाईंनी वहीतलं एक पान उलटलं आणि चालता चालता काहीतरी लिहिलं.

९

निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला टपालानं आला. कंपनीनं गाडी परत घ्यावी. ठरलेल्या मुदतीत, पूर्ण भरपाईसह. कारण एका ओळीत होतं: 'दोष लवादाच्या उपस्थितीत प्रत्यक्ष आढळला, ग्राहकानं केलेलं वर्णन अचूक आहे.'

अचूक हा शब्द अराक्सीनं टपालपेटीपाशी उभं राहून तीनदा वाचला. मग हाइगला फोन करून वाचून दाखवला. तो लागलीच आला, सिमेंटनं भरलेल्या बुटांनी, स्वयंपाकघरात उभा राहिला आणि टेबलावर दुसरी किल्ली ठेवली.

"आई, चुकलो."

"जेवलास का?"

"नाही."

"छान. जेवायच्या आधीच म्हणालास." तिनं त्याच्या केसांतली पांढरी धूळ झटकली. "बस आता."

१०

गाडी सोपवायच्या दिवशी शोरूमच्या आतल्या खोलीत कंपनीची एक तरुण बाई कागदांचा गठ्ठा घेऊन बसली होती. व्रेज दाराशी उभा. हाइग व्हॅन बाहेर लावून आला होता.

"इथं सही, इथं सही," ती बाई म्हणाली, "आणि हा एक साधा कागद, की या प्रकाराबद्दल तुम्ही बाहेर कुणाशी बोलणार नाही."

"असा कागद मागायची तुम्हाला परवानगी नाही," अराक्सी म्हणाली. "कायद्यातच लिहिलंय. मी वाचलंय."

बाईनं व्रेजकडे पाहिलं. व्रेजनं छताकडे. कागद गठ्ठ्यात परत गेला.

"बरं, मग ही पुढच्या मालकाला द्यायची सूचना. दोष काय होता ते. मी 'विजेच्या यंत्रणेतील किरकोळ बिघाड' असं..."

"मी तसं सांगितलं नव्हतं. जे मी सांगितलं ते लिहायचं."

"मॅडम, पण हे वाचून गाडी कोण घेणार?"

अराक्सीनं बाईच्या बाहीकडे पाहिलं. मनगटाशी अर्धा इंच लांब होती. बिचारी रोज दुमडत असणार.

"लिहा," दारातून व्रेज म्हणाला. आवाज तिनं कधी ऐकला नव्हता इतका खणखणीत. "मावशी सांगतात तसं लिहा. मी चारही जॉबकार्डं लिहिलीत, मला पाठ आहे. 'रोज सकाळी ड्रायव्हरची सीट आणि आरसा दुसऱ्या कुणाच्या तरी मापाला लागलेले असतात.' पुढं?"

"'ते माप,'" अराक्सी सावकाश म्हणाली, "'चालवणाऱ्याच्या मापाकडे सरकत जातं. कुणी ते पुरं होऊ देऊ नये.'"

बाईचं पेन थांबलं, मग पुन्हा चाललं. अराक्सीनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली, पूर्ण नावानं.

मागच्या अंगणात व्रेजनं गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर ती पट्टी चिकटवली: दोषामुळे कंपनीनं परत घेतलेली गाडी. अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवली. दार उघडं होतंच. अराक्सीनं गळ्यातली टेप काढली आणि वाकून शेवटचं माप घेतलं.

साडेवीसला एक सूत, इंचाचा आठवा भाग, कमी. हात बरोबर चोवीस.

हाइग मागून डोकावला. त्याला आता आकडे वाचता येत होते. त्यानं आईच्या कोपराला हात लावला आणि तिला हलकेच मागे ओढलं. ती आली, पण निमूट नाही. खिशातून तिनं गुलाबी चिठ्ठी काढली, आकडे घातले आणि नावाच्या कोऱ्या रकान्यातून आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, काम रद्द. एकतीस वर्षांत तिनं हे दोन शब्द तीन-चार वेळाच लिहिले असतील. चिठ्ठी तिनं त्या मलई रंगाच्या सीटवर ठेवली.

आत मोटर चालू लागली. घुर्रर्र. अराक्सीनं दार बंद केलं.

"चल, मी चालवते," ती हाइगला म्हणाली.

"व्हॅन? आई, क्लच दगड झालाय."

"तू शेजारी बस. आणि तो सिमेंटचा डबा पायाखालून काढ."

व्हॅनची सीट हाइगच्या मापाला होती. अराक्सीनं खाली हात घालून लोखंडी दांडा ओढला आणि टाचा रोवून सीट पुढे घेतली. एक खाच, दोन खाचा. साडेवीस. दांडा सोडला. कट् आवाज झाला आणि सीट बसली. तिनं हातानं मधला आरसा वळवला. मागची काच, काचेत शोरूमचं अंगण, अंगणात हात हलवणारा व्रेज.

हायवेवर तिनं व्हॅन तिसऱ्या पट्टीत घातली. हाइगनं दाराचं हँडल धरलं.

"आई, साठच्या वर जाऊ नकोस, इंजिन ओरडतं."

"ओरडू दे," अराक्सी म्हणाली आणि गिअर टाकला.

सीट जागची हलली नाही.